चिऊची रिक्षा हडपसरला जात नाही

गेल्या शनिवारी सकाळी सव्वानऊला ताईचा फोन. शनिवारचे सव्वानऊ म्हणजे आमच्याकडे पहाटच. आदल्या रात्री दीडपर्यंत रिलीज चाललं होतं, त्यामुळे पहिले दोन कॉल मी झोपेतच कट केले. तिसरा घेतला.

"तू आत्ता निघतोयस. अकराला चिऊच्या शाळेत बोलावलंय. हे बंगलोरला आहेत आणि मला एकटीला नाही जायचं."

ताईसमोर नाही म्हणायची सोय नसते, हे मी वयाच्या चौथ्या वर्षीच शिकलोय. निघालो.

शाळा म्हणजे प्रीस्कूल हो. आमची चिऊ (वय वर्षं चार आणि दोन महिने) ज्युनिअर केजीत आहे. आमच्या भागात दर दोन मेडिकलच्या दुकानांमागे एक प्रीस्कूल आहे. बाहेर गंजत चाललेली घसरगुंडी, भिंतीवर मिकी माऊससारखा दिसणारा पण मिकी माऊस नसलेला एक उंदीर, आणि आत एसी. फीचा आकडा सांगत नाही. एकदा मी त्याची माझ्या इंजिनिअरिंगच्या फीशी तुलना केली होती आणि मग ते जेवण नीट गेलं नव्हतं.

खरं सांगायचं तर जाताना गाडीत मी शाळेच्या बाजूने होतो. ताईला म्हणालो, "अगं, लिहायचा कंटाळा करत असेल, रोज अर्धा तास बसव, येईल." मी स्वतः लहानपणी सुंदर हस्ताक्षर स्पर्धेत बक्षिसं मिळवलेला माणूस. (आता सही सोडून पेनाने काहीच लिहीत नाही, पण असो.)

तर मॅडमनी फाइल उघडली. चिऊचं प्रगतिपत्रक. एकूण बावीस रकाने आणि प्रत्येकात एक रंगीत गोल. हिरवा, पिवळा, लाल. मला एकदम ऑफिसमधलं प्रोजेक्ट स्टेटस आठवलं. लाल गोल चार होते: पेन्सिलची पकड, एक ते पन्नास लेखन, रेषेत अक्षर काढणे आणि एकाग्रता. मॅडम वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. तरुण होत्या, माझ्याच वयाच्या असतील, आवाज बसलेला होता. म्हणाल्या, "ब्राइट आहे हो, बोलते खूप. पण बसत नाही. लिहिताना मध्येच उठते. सिनिअर केजीत जड जाईल तिला." मग हळूच एक कागद पुढे सरकवला. शाळा सुटल्यावर तासभर लेखनाचा खास वर्ग. त्याची फी वेगळी.

ताई गप्प. मी आपलं काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "ह्यांना खेळायला किती वेळ असतो?"

"वीस मिनिटं फ्री प्ले असतो ना सर, साडेअकरानंतर. ज्यांचं पान पूर्ण होतं ती मुलं जातात."

"आणि ज्यांचं होत नाही?"

"ती पान पूर्ण करतात."

चिऊ तीन आठवडे खेळायला गेलेली नव्हती.

ताईला हे माहीत नव्हतं. चिऊने घरी सांगितलंच नव्हतं. चार वर्षांच्या मुलीला ही तक्रार करायची गोष्ट आहे, हे तरी कुठून कळणार? मात्र ताईने परतताना गाडीत मला जे सांगितलं त्याने माझी झोप पूर्ण उडाली. गेले काही दिवस चिऊ कुठलीही नवी गोष्ट समोर आली की आधी म्हणते, "मला नाही येत." कोडं, बटण लावणं, चित्र रंगवणं, काहीही. हात लावायच्या आधीच.

आता थोडं आमच्या धंद्यातलं. पूर्वी मी ज्या टीममध्ये होतो तिथे एका तिमाहीत फर्मान निघालं की प्रत्येकाने आठवड्याला किती बग बंद केले ते मोजणार. पुढच्या सोमवारपासून आम्ही एकेका बगचे तीन तीन बग करून नोंदवायला लागलो. आलेख वर गेला, सॉफ्टवेअर होतं तिथेच. हे मी टिंगल म्हणून सांगत नाहीये. मोजता येईल तेवढंच मोजलं की माणसं तेवढंच करतात. आम्ही तर पगार घेणारी मोठी माणसं होतो. प्रीस्कूलमध्ये मोजायला सगळ्यात सोपं काय? वहीचं पान. ते पालकांना दाखवता येतं, फोटो काढता येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकता येतो. मुलाने तिघांत भांडण न करता एक बादली वाटून घेतली, ह्याचा फोटो येत नाही.

दुपारी ताईकडेच जेवलो आणि सोफ्यावर आडवा झालो. समोर चिऊ आणि शेजारच्या फ्लॅटमधला पाच वर्षांचा एक मुलगा ह्यांचा खेळ सुरू झाला. मी डोळे मिटून ऐकत होतो, मग अर्धे उघडून बघायला लागलो. दोन खुर्च्या एकामागे एक: रिक्षा. जुना टीव्हीचा रिमोट खुर्चीला रबरबँडने बांधलेला: मीटर. चिऊ रिक्षावाली, तो गिऱ्हाईक.

"स्टेशन?"

"ऐंशी रुपये."

"मीटरने चला ना."

"मीटर बंद आहे. पाऊस पण आहे."

मी हसू दाबत होतो. पैसे म्हणजे बाटल्यांची झाकणं. एक झाकण दहा रुपये, हे आधी ठरलेलं. त्याने सात दिली. चिऊने एकेक बोट लावून मोजली आणि म्हणाली, "अजून एक." मग तो म्हणाला, आता हडपसर. चिऊ म्हणाली, "हडपसरला नाही येणार." त्याने रडका चेहरा केला. त्यावर थोडी वाटाघाट झाली, शेवटी ठरलं की हडपसरला रिक्षा जाणार नाही, पण आता तो रिक्षावाला होईल आणि मग त्याला वाटेल तिकडे जाईल. खुर्च्या बदलल्या. हे सगळं पंचेचाळीस मिनिटं चाललं. मी घड्याळ बघितलं म्हणून सांगतोय. पंचेचाळीस मिनिटं ती मुलगी एका कामावरून हलली नाही, आणि सकाळी कागदावर तिची एकाग्रता लाल होती.

तेव्हापासून आठवडाभर मी रात्री जागून ह्याच विषयावर मिळेल ते वाचतोय. (मॅनेजर हे वाचत असेल तर, ऑफिसच्या वेळात नाही. :-) ) आणि मला सगळ्यात जास्त पटला तो एक रशियन माणूस, लेव्ह वायगॉत्स्की. सदतिसाव्या वर्षी गेला बिचारा, १९३४ साली. त्याच्या आदल्या वर्षी त्याने लहान मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलं होतं. त्यातलं मला समजलं ते असं. काठीचा घोडा करून मूल धावतं तेव्हा ते पहिल्यांदा वस्तू आणि तिचा अर्थ वेगळे करत असतं. समोर दिसतेय काठी, पण वागायचं घोडा समजून. आता आमचा रिमोट बघा. रिमोट हा मीटर आहे, झाकण म्हणजे दहा रुपये आहेत. पुढे कागदावरचा '५' हा वाकडा आकार म्हणजे पाच वस्तू, हे समजायला डोक्यात नेमकी हीच सोय लागते. एका गोष्टीने दुसरीच्या जागी उभं राहायचं. म्हणजे शाळेला जे पानभर गिरवून घ्यायचं होतं त्याचा पाया चिऊ खुर्चीवर बसून घालत होती. आठ झाकणं म्हणजे ऐंशी, हा हिशोब तर पन्नासच्याही पुढचा झाला!

त्याचा दुसरा मुद्दा नियमांचा. आपल्याला वाटतं खेळ म्हणजे मोकाट सुटणं. पण नाटक-नाटक खेळताना मूल जेवढे नियम पाळतं तेवढे आपण धाक दाखवूनही पाळत नाही. रिक्षावाल्याने उतरायचं नाही म्हणजे नाही. खेळात गोळ्यांना दगड म्हणायचं ठरलं असेल तर ती गोळी मूल तोंडात टाकत नाही. मनात येईल ते लगेच न करणं, ह्यालाच पुढे आपण अभ्यासाला बसणं म्हणतो.

राहिली पेन्सिलची पकड. तीन बोटांत पेन्सिल नीट धरता येणं बहुतेक मुलांत चार ते सहा ह्या वयात हळूहळू येतं, मनगटाची हाडं तर तेव्हा अजून पूर्ण तयारही नसतात. बोटांत ताकद येते ती माती, कणीक, मटार सोलणं, मणी ओवणं, झाडाला लटकणं ह्यातून. आमच्या आज्जीला हे माहीत होतं. शेंगा सोलायला बसवायची आणि त्याला तिने कधी 'अ‍ॅक्टिव्हिटी' म्हटलं नाही.

केजी ह्या शब्दाचीही गंमत आहे. फ्रेडरिक फ्रोबेल नावाच्या जर्मन गृहस्थाने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिलं. लाकडी ठोकळे, चेंडू, गाणी आणि खरोखरची बाग. प्रशियाच्या सरकारला हे एवढं धोकादायक वाटलं की १८५१ मध्ये त्यांनी किंडरगार्टनवर बंदीच घातली, ती १८६० मध्ये उठली. आज त्याच शब्दाची दोन अक्षरं पाटीवर लावून आपण चार वर्षांच्या मुलांकडून कर्सिव्ह लिहून घेतो. बंदीची गरजच उरलेली नाही.

आणि बाहेरचं कशाला, आपल्याकडेच बघा ना. मला लाज वाटली ती इथे. युरोपातल्या पद्धतींची नावं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज येतात, पण ताराबाई मोडक म्हटल्यावर मला शाळेच्या पुस्तकातला एक फोटो सोडून काही आठवेना. ह्या बाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. मॉन्टेसरीबाईंची पद्धत त्यांनी घेतली, पण एक अडचण होती. मॉन्टेसरीचं साहित्य महाग. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, खेड्यातल्या मुलांसाठी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. तिथे शंख-शिंपले, बिया, पानं, गोटे, बांबू, माती हेच साहित्य. आणि गावाच्या कडेच्या वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ह्या लोकांनी काय केलं? बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. नंतर डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर काम गेलं, तिथे आदिवासी पोरं गुरं चारायला जातात म्हणून शाळाही कुरणात गेली, तिचं नाव कुरणशाळा.

मला आमच्या क्षेत्रातली उदाहरणं सुचतात त्याला इलाज नाही. युजर येत नाही तर आपण म्हणतो युजर अडाणी आहे. ह्या दोन बायकांनी मूल येत नाही म्हणजे शाळेचं डिझाइन चुकलंय असं धरलं, आणि डिझाइन बदललं. चाळीसच्या दशकात!

२ ऑक्टोबर १९७५ ला सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज सुमारे चौदा लाख अंगणवाड्या मंजूर आहेत. त्यातल्या सेविका किती कामं करतात ह्यावर वेगळी पोस्ट लिहावी लागेल: वजनं, आहार, लसीकरण, गरोदर बायकांच्या भेटी, रजिस्टरं, आणि २०२१ पासून मोबाइलमधलं पोषण ट्रॅकर. ह्यातून जो वेळ उरेल तो बालशिक्षण. अंगणवाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खिचडीचं पातेलं येतं ते काही उगाच नाही.

कागदावर मात्र सगळं छान आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा जो आराखडा आला त्यात खेळातून शिक्षण हाच गाभा आहे. पण २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून सुरू होतो. त्या आतल्या वयात कुठल्या प्रीस्कूलने काय शिकवावं, ह्यावर तो हक्क लागू होत नाही. त्यामुळे धोरण म्हणतं खेळा आणि गल्लीतली शाळा म्हणते पान पूर्ण करा.

आता जरा पुराव्याकडे येतो, कारण "मला वाटतं" एवढ्यावर भांडायला आमचे जिजू देत नाहीत. ते पक्के आकडेवारीवाले. फोनवर पहिलाच प्रश्न, "डेटा काय आहे?"

एक प्रयोग मला फार आवडला. २०११ मध्ये एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. नळ्यांचं एक खेळणं केलं. त्यात चार करामती: एक नळी ओढली की चूं आवाज, एकीकडे दिवा, एकीकडे सूर, एका नळीत आरसा. काही मुलांना मोठ्या माणसाने शिकवण्याच्या थाटात दाखवलं, हे बघ, हे असं चालतं, आणि आवाज काढून दाखवला. काही मुलांसमोर तोच आवाज चुकून निघाल्यासारखं केलं. मग खेळणं मुलांच्या हातात. ज्यांना रीतसर शिकवलं होतं ती मुलं आवाज काढत बसली, बाकीच्या करामती त्यांनी कमी शोधल्या आणि खेळणं लवकर सोडलं. त्यांचं काही चुकलं नाही. शिक्षकाने एवढंच दाखवलं, म्हणजे एवढंच असणार, हा मुलांचा तर्क अगदी बरोबर आहे. आपणही नवीन सॉफ्टवेअर घेतल्यावर ट्रेनिंगमध्ये दाखवलेली तीन बटणं सोडून चौथ्याला वर्षभर हात लावत नाही की!

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला. गरीब घरातली २,९९० मुलं. सरकारी प्री-केजीत जागा कमी आणि अर्ज जास्त, म्हणून सोडत. जागा मिळालेली मुलं वर्षाअखेरीस पुढे होती. पण सहावीपर्यंत पाठपुरावा करून २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा तीच मुलं परीक्षेत न मिळालेल्यांच्या मागे पडली होती, आणि त्यांच्या वर्तणुकीच्या तक्रारीही जास्त होत्या. असं का झालं हे त्या अभ्यासाने सिद्ध होत नाही, त्यामुळे "खेळ नव्हता म्हणून" असं मी म्हणणार नाही. एवढं नक्की की लवकर पुढे गेलेलं मूल पुढेच राहतं, हे गृहीत धरता येत नाही. आणि ते वरचे सगळे लाल-हिरवे गोल त्याच गृहीतकावर उभे आहेत.

जिजू म्हणाले, आता तुझ्या विरुद्धचा डेटा दे. तोही आहे. २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला दिल्लीतला प्रयोग, प्रथम संस्थेबरोबर केलेला. २१४ बालवाड्या, १,५४० मुलं. चार महिने संख्यांचे आणि आकारांचे खेळ घेतले. मुलांची संख्यांची अंदाजाची समज सुधारली आणि वर्षाहून अधिक टिकली. पण प्राथमिक शाळेतल्या गणितात फायदा? दिसला नाही. हे वाचून मी दोन दिवस खट्टू होतो. मग लक्षात आलं की आमची रिक्षासुद्धा तशीच आहे. चिऊ आठ झाकणं मोजते, पण '८' हा आकार त्या मोजण्याला कोणीतरी जोडून द्यावा लागेल. मी झाकणांवर स्केचपेनने दहा लिहून दिलं तर? म्हणजे मोठ्या माणसाला काम आहेच. मुलांना पटांगणात सोडून मॅडमनी मोबाइल बघत बसणं ह्याला खेळातून शिक्षण म्हणणाऱ्या शाळाही मी ऐकून आहे, आणि त्यांची फी आपल्या शाळेच्या दीडपट आहे म्हणे.

पण माझं सगळ्यात मोठं विकेट काढलं ते आमच्या मावशींनी. मावशी म्हणजे माझ्या फ्लॅटवर पोळ्या करायला येतात त्या. त्यांची नात वस्तीतल्या एका इंग्लिश मीडिअम बालवाडीत जाते. महिन्याला नऊशे रुपये. मी उत्साहात त्यांना हे सगळं सांगायला लागलो. त्यांनी पोळी उलटली आणि म्हणाल्या, "दादा, खेळायला ती घरी पण खेळते. शाळंत लिहायला घालतो आम्ही."

काय बोलणार? चिऊच्या घरी चाळीस पुस्तकं आहेत, रात्री गोष्ट आहे, इंग्रजी कार्टून आहे. ती अक्षरं कुठूनही उचलेल. मावशींच्या नातीला 'ए' कुठे भेटणार? त्या वहीतच. आपल्याला काही कमी पडणार नाही ह्या खात्रीवर उभं राहून इतरांना "खेळू द्या हो" म्हणणं फार सोपं असतं. तरी मला मावशींचं पूर्ण पटलेलं नाही. त्यांच्या नातीला अक्षरं हवीतच, त्याबरोबर तिच्याशी पूर्ण वाक्यात बोलणारं आणि तिच्या प्रश्नाला उत्तर देणारं मोठं माणूसही हवं. मावशींच्या घरी सगळी कामावर असतात, तेव्हा ते माणूस शाळेतच भेटायला हवं. आणि पानं भरून घेणाऱ्या वर्गात बोलायची तर मनाईच असते. म्हणजे वहीचा तोटा चिऊपेक्षा तिला जास्त. पण हे मावशींना पटेल असं मांडता आलं नाही मला. पोळ्या झाल्या, त्या गेल्या.

ताईने सोमवारी शाळेला पत्र लिहिलं. मी दोन पानी ड्राफ्ट दिला होता, वायगॉत्स्कीसकट. तिने तो बाजूला ठेवला आणि तीन ओळी लिहिल्या. पान अपुरं राहिलं तरी चिऊला खेळायला सोडावं, उरलेलं पान कोरं राहिलेलं आम्हाला चालेल, खास वर्गाला ती येणार नाही. बुधवारी मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या ते मी ताईच्या तोंडून ऐकलं: "मॅम, मलाही त्यांना बसवून ठेवायला आवडत नाही. पण वही कोरी गेली की दुसऱ्या दिवशी पाच पालकांचे मेसेज येतात. तुम्ही लिहून दिलंत, मला बरं झालं."

ते पाच पालक म्हणजे कोण? आमच्यासारखेच सगळे. दिवसभर डॅशबोर्ड बघणारे. गेल्या वर्षी नर्सरीत असताना ताईनेच चिऊच्या कोऱ्या पानाचा फोटो काढून "धिस इज नॉट डन?" असं विचारलं होतं, हे तिनेच मला कबूल केलं.

शाळेने तूर्त दिवाळीपर्यंत मान्य केलंय, आणि फक्त चिऊपुरतं नाही, पूर्ण वर्गाला. त्यावर पालकांच्या ग्रुपवर आतापर्यंत सत्तेचाळीस मेसेज पडलेत. एका बाबांनी विचारलंय की मग फीमध्ये काही कपात होणार का. दिवाळीनंतर काय होईल देव जाणे. "मला नाही येत" अजून थांबलेलं नाही. काल पझल बघून तिने परत तेच म्हटलं.

आज रविवार. सकाळी मी परत ताईकडे होतो. झाकणांवर काळ्या स्केचपेनने '१०' लिहून नेलं होतं, वीस झाकणं. चिऊने ती निरखून बघितली, चार बाजूला काढली आणि म्हणाली, ह्याच्यावर शंभर लिही, लांबचं भाडं आहे. मग मला मागच्या खुर्चीत बसवलं. मी म्हटलं, हडपसर.

"हडपसरला नाही येणार, मामा. उतरा."